खाडीत जन्मले, दर्यावर वाढले
स्वराज्याच्या आरमाराची पहिली पावले

मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर ही नावे घेतली की डोळ्यांपुढे येतात लोकलची गर्दी, चाळी, इमारती आणि कारखान्यांची जुनी धुरांडी. उपनगरातल्या माणसाला समुद्र पाहायचा झाला की तो पश्चिमेकडे वळतो. जुहूला जातो, वेसाव्याला जातो, फार तर गोराईची वाट धरतो. पूर्वेला, मिठागरांच्या आणि खारफुटीच्या पलीकडे जे गढूळ पाणी भरती-ओहोटीबरोबर चढते-उतरते, त्याला समुद्र म्हणायला कोणी तयार होत नाही. ती आपली ठाण्याची खाडी! तिच्यात चिखल फार, बगळे-रोहित फार, आणि दृष्टीला सुख म्हणाल तर बेताचेच.

परंतु मराठी राज्याच्या आरमाराची कथा सुरू होते ती रत्नागिरीच्या निळ्या दर्यावर नव्हे आणि मालवणच्या रुपेरी पुळणीवरही नव्हे. ती सुरू होते या गढूळ पाण्याच्या वरच्या अंगाला, कल्याणला. एका नवजात राज्याने आपले पहिले आरमार समुद्रापासून कित्येक मैल आत बांधावयास घेतले, आणि तेही अशा खाडीत, की जिची दोन्ही तोंडे परक्याच्या मुठीत होती. हे धाडस म्हणावे की वेडेपणा? पुढच्या पंचवीस वर्षांच्या हकिकतीत त्याचे उत्तर आहे.

दोन्ही तोंडे परक्यांची

आधी भूगोल नीट ध्यानात घ्यावा लागेल. सह्याद्रीतून उतरणारी उल्हास नदी कल्याणपाशी खाडीचे रूप घेते आणि पश्चिमेकडे निघते. ठाण्याच्या उत्तरेस या पाण्याला दोन वाटा फुटतात. एक वाट घोडबंदरवरून वसईला समुद्रास मिळते. दुसरी दक्षिणेकडे वळून ठाणे, मुलुंड, घाटकोपर, तुर्भे यांना उजव्या हाताला ठेवीत मुंबईच्या बंदरात उतरते. या दोन वाटा आणि पश्चिमेचा समुद्र यांनी वेढलेला भूभाग म्हणजे साष्टीचे बेट. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी उपनगरे या बेटावर वसली आहेत.

सतराव्या शतकाच्या मध्याला साष्टी होती पोर्तुगीजांची. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई आणि तिच्याबरोबर हा मुलूख त्यांनी मिळवला होता. वसईला त्यांचा बळकट कोट, ठाण्याला चौकी, वांद्र्याला आणि वेसाव्याला ठाणी. मुंबईची बेटेसुद्धा तेव्हा त्यांचीच. शिवाय भर समुद्रावर त्यांचा 'कार्ताझ' म्हणजे परवाना असल्याखेरीज व्यापाऱ्याने जहाज हाकायचे नाही, असा त्यांचा दंडक. जमिनीचा राजा कोणीही असो, पाण्याचे धनी आपण, ही त्यांची शंभर वर्षांची समजूत होती.

अशा वेळी, १६५७ सालच्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या दिवसांत, शिवाजी महाराजांनी आदिलशाहीच्या ताब्यातील कल्याण आणि भिवंडी घेतली. वय अवघे सत्तावीस. लोकांनी पाहिले ते हाती आलेले संपन्न बाजारपेठेचे शहर. महाराजांनी पाहिले ते शहराच्या पायाशी असलेले पाणी. खाडीच्या काठी त्यांनी दुर्गाडीचा किल्ला उभारला आणि तेथेच लढाऊ गलबते बांधावयास घेतली.

ही निकड काय होती? कोकणचा माणूस ते तेव्हा विचारता तर त्याने एकच नाव सांगितले असते, जंजिऱ्याच्या सिद्दीचे! सिद्दीची गलबते रात्री-अपरात्री किनाऱ्याला लागत, गावे लुटत, माणसे धरून नेत. आणि स्वार पाठलागाला धावेतो ती पाण्यात दिसेनाशी होत. घोड्याला समुद्रावर धाव नाही. किनारा जिंकता येतो, पण पाणी दुसऱ्याचे असेल तर तो राखता येत नाही, हे महाराजांनी ओळखले. मीठ, कापड, नारळ, घोडे यांचा व्यापार हाही राज्याचा मोठा आधार. आणि तो सारा चाले पाण्यावरून.

ओस पडलेली गोदी

पाण्यावरचे युद्ध हे नवे शास्त्र होते. कोकणच्या सुताराला मासेमारीची होडी आणि व्यापारी तरांडे बांधता येई. तोफेचा धक्का सोसणारे जहाज कसे बांधावे हे विशेष करून फिरंग्यांना ठाऊक. तेव्हा महाराजांनी फिरंगी कारागीरच कामाला लावले. रुय लैतांव व्हियेगस नावाचा पोर्तुगीज या कामाचा मुख्य होता आणि त्याच्या हाताखाली तीनशेहून अधिक माणसे होती. गोव्याच्या जुन्या दप्तरांत आयुष्य घालवणारे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी ही सर्व हकिकत पोर्तुगीज कागदांतून उजेडात आणली.

ती वाचताना गंमत वाटते आणि पुढे काळजात चर्र होते. १६५९ च्या ऑगस्टात गोव्याच्या सरकारने पोर्तुगालच्या राजाला कळवले, की शहाजीचा एक मुलगा वसई-चौलजवळच्या मुलखाचा मालक होऊन बसला आहे, दिवसेंदिवस बलवान होत आहे, आणि भिवंडी, कल्याण, पनवेल या बंदरांत त्याने लढाऊ गलबते बांधली आहेत. ती बाहेर पडू नयेत म्हणून आम्ही आमच्या कप्तानाला सावध केले आहे. ज्याचे नाव लिहिण्याचीही गरज वाटली नाही अशा या 'शहाजीच्या मुला'च्या चार-दोन गलबतांनी शंभर वर्षांची सत्ता दचकली होती!

मग वसईच्या कप्तानाने एक डाव टाकला. त्याने तोफ डागली नाही की खाडीत साखळदंड टाकले नाहीत. त्याने फक्त व्हियेगसच्या माणसांना निरोप धाडला: तुम्ही जे बांधता आहात ते उद्या आपल्याच लोकांवर चालून येईल. निरोप लागू पडला. हातातले काम अर्धवट टाकून ही सारी मंडळी गुपचूप वसईला निघून गेली. कल्याणच्या काठावर उरले ते अर्धे उभे राहिलेले सांगाडे आणि लाकडाचे ढीग.

नव्या राज्याला हा पहिला धडा मिळाला. परक्याचे कसब विकत मिळते, त्याची निष्ठा मिळत नाही. उसन्या हातांनी बांधलेले आरमार पाण्यावर तरंगण्याआधीच बुडू शकते. दुसरा एखादा राजा असता तर हात झाडून मोकळा झाला असता. महाराजांनी मात्र या धड्यावरच पुढची सारी उभारणी केली.

माणसे, लाकूड आणि बंदर

ती उभारणी तीन गोष्टींवर झाली. पहिली गोष्ट आपली माणसे. फिरंगी निघून गेले, पण त्यांच्या शेजारी उभे राहून करवत ओढणारे हात काठावरच होते. शिवाय किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या दर्याशी झुंजणारे कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी होते. वारा कोणत्या घटकेला फिरेल, कोणत्या खडकावर भरतीला किती हात पाणी असते, हे त्यांना पुस्तकावाचून ठाऊक. आजवर ते मासे मारीत किंवा दुसऱ्याची जहाजे हाकीत. महाराजांनी त्यांना स्वराज्याचे दर्यावर्दी केले. सभासदाच्या बखरीत दोनशे-दोनशे जहाजांचे सुभे सांगितले आहेत आणि सुभेदार म्हणून दोन नावे दिली आहेत: मुसलमान दर्यासारंग आणि मायनाक भंडारी. बखरीतला आकडा थोडा सैल धरला तरी या दोन नावांतच आरमाराचे खरे रूप दिसते. तेथे माणसाची पारख होई ती पाण्यावरच्या पराक्रमाने.

लाय पाटील या कोळी सरदाराची गोष्ट तर कोकणात अजून सांगतात. जंजिऱ्याच्या तटाला रात्री शिड्या लावण्याचे अचाट काम त्याने केले. मागून यावयाची फौज वेळेवर पोहोचली नाही म्हणून डाव फसला. तरीही महाराजांनी त्याला पालखीचा मान दिला. पाटील नम्रपणे म्हणाला, दर्यात राहणाऱ्या आम्हां कोळ्यांना पालखी घेऊन काय करायचे? तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्याचेच नाव 'पालखी' ठेवले आणि ते त्याच्या स्वाधीन केले. असा मान देणारा धनी असेल तर माणूस वसईच्या निरोपाला भुलेल कशाला?

दुसरी गोष्ट आपले लाकूड आणि आपला घाट. फिरंग्यांची मोठी जहाजे खोल पाण्यात राज्य करतात; पण कोकणचा किनारा म्हणजे खाड्या, खडक आणि वाळूचे दांडे. तेथे हवे उथळ बुडाचे, हलके, वारा पडला तरी वल्ह्यांवर धावणारे जहाज. गलबत हे असे जहाज. ते क्वचितच सत्तर टनांहून मोठे असे, त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत आणि त्यावर लहान तोफा चढवीत. त्याचा थोरला भाऊ गुराब. त्याला दोन-तीन डोलकाठ्या असत, नाळ पुढे सुळकन निघालेली असे आणि तीवर समोर मारा करणाऱ्या जड तोफा असत. गुराबांनी तोफा डागायच्या आणि गलबतांनी भोवती गराडा घालून शत्रूच्या जहाजावर चढायचे, अशी ही जोडी.

या जहाजांना लाकूड लागे सागाचे. पण ते आणायचे कसे, याचाही विचार या राज्यात होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात बजावले आहे, की आंबा आणि फणस यांची झाडे आरमारासाठी उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये. ही झाडे वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन न्यावे. जुलूम करू नये. लढाऊ जहाजाच्या फळीमागे गरिबाच्या परसातल्या फणसाची एवढी फिकीर करणारे राज्य जगाच्या पाठीवर त्या काळी किती होते, याचा वाचकांनीच विचार करावा.

तिसरी गोष्ट आपले बंदर. कल्याणची खाडी कोंडलेली. तेव्हा ज्याच्या तोंडावर दुसऱ्याची चौकी नाही अशी जागा हवी होती. १६६१ पर्यंत दाभोळ, राजापूर हा दक्षिणेचा मुलूख हाती आला आणि १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. आता तोंड उघडे होते! काही महिन्यांतच, १६६५ च्या फेब्रुवारीत, महाराज स्वतः जहाजावर चढून कर्नाटकच्या किनाऱ्यावरील बसरूरवर चालून गेले. इंग्रज वखारवाल्यांनी त्या ताफ्याची नोंद केली आहे: ८५ लहान लढाऊ जहाजे आणि ३ मोठी. ज्या गलबतांची गोदी साडेपाच वर्षांपूर्वी ओस पडली होती, त्यांची ही वाढ!

आरमार चालते ते केवळ शौर्यावर नव्हे, ते पोटावरही चालते. जंजिऱ्याला शह देण्यासाठी महाराजांनी समुद्रात पद्मदुर्ग उभा केला. तेथल्या आरमाराला पैका आणि धान्य पोहोचविण्यात प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने हयगय केली. १६७५ च्या जानेवारीत महाराजांनी त्याला जे पत्र लिहिले ते आजही अंगावर काटा आणते. सिद्दीने तुला काही देऊन आपला चाकर केले आहे काय, असा सरळ सवाल त्यात आहे. आणि ब्राह्मण म्हणून तुझी गय कोण करील, असा इशाराही. तटावरच्या माणसाचे धान्य चुकले तर तो शत्रूला केलेला फितवाच, हा त्याचा मथितार्थ. रसदीची किंमत इतकी ओळखणारा सेनापती लढाई अर्धी आधीच जिंकलेला असतो.

खांदेरीची परीक्षा

या साऱ्या उभारणीची परीक्षा झाली ती मुंबईच्या दारात. पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात आंदण गेलेली मुंबईची बेटे १६६५ साली इंग्रजांच्या हाती आली आणि १६६८ त त्यांच्या कंपनीकडे गेली. मुंबई बंदराच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचे लहानसे बेट आहे. बंदरात शिरणारे जहाज त्याच्या नजरेतून सुटत नाही. १६७९ च्या पावसाळ्यात, दर्या अजून खवळलेला असताना, मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार तोफा घेऊन त्या बेटावर उतरला आणि तट बांधू लागला. वेळ पाहा कशी साधली! ज्या दिवसांत मोठ्या जहाजांना त्या पाण्यात नांगर टाकणे कठीण, त्याच दिवसांत किनाऱ्याच्या गलबतांनी चुना, दगड आणि माणसे पोहोचवली.

इंग्रजांनी आधी दटावले, मग जहाजे पाठवली. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरावयास गेला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. नागावच्या खाडीतून दौलतखानाची चाळीस-पन्नास गलबते पहाटे सुटली आणि वल्ही मारीत इंग्रजी ताफ्यावर अशी तुटून पडली, की त्यांना नीट सावरताही येईना. 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांनी धरली. बाकीची बरीच जहाजे पांगली. एकटे 'रिव्हेंज' जहाज, त्यावरच्या मिंचिन आणि केग्विन यांच्या हिमतीने टिकून राहिले आणि त्याच्या भारी तोफांपुढे मराठ्यांची काही गलबते बुडून उरलेली खाडीत परतली.

खरे सांगायचे तर त्या दिवशी समोरासमोरच्या तोफबाजीत सरशी झाली ती इंग्रजांची. ते लपविण्याचे कारण नाही. पण युद्ध म्हणजे एका दिवसाची तोफबाजी नव्हे. त्यानंतरच्या रात्री पाहाव्यात! इंग्रजांची मोठी जहाजे बेटाभोवती पहारा करीत राहिली आणि मराठ्यांची लहान गलबते अंधारात, उथळ पाण्यातून, ओहोटीचा अंदाज घेत खांदेरीला दाणा-गोटा पोहोचवीत राहिली. त्यांचा पाठलाग करणे इंग्रजांना साधेना. सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला आणि त्याने १६८० च्या जानेवारीत शेजारचे उंदेरी बेट बळकावले. पण खांदेरी काही हलली नाही. अखेर इंग्रजांनी जहाजे मागे घेतली, तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, एप्रिल १६८० मध्ये, महाराजांनी देह ठेवला.

या आरमाराच्या मर्यादाही होत्या. जंजिरा शेवटपर्यंत हाती आला नाही. जड तोफा आणि खोल दर्यात झुंजणारी जहाजे यांची उणीव कायम राहिली. परंतु १६५९ साली ज्यांचे कारागीर एका निरोपाने पळाले, त्यांनी वीस वर्षांनी आपल्या सुतारांच्या गलबतांवर आणि आपल्या खलाशांच्या वल्ह्यांवर जगातल्या एका चढत्या दर्यावर्दी सत्तेला तिच्याच दाराशी थोपवून धरले, हे थोडे नव्हे.

खाडी मोकळी झाली तेव्हा

पुढे कान्होजी आंग्र्यांनी या आरमाराला जो दरारा मिळवून दिला तो सर्वांना ठाऊक आहे. कल्याणच्या खाडीचे काय झाले, ते मात्र कमी लोक सांगतात. तिची कोंडी फुटली ती ऐंशी वर्षांनी, आणि फुटली जमिनीच्या बाजूने. १७३७ साली चिमाजीअप्पांच्या फौजा साष्टीत उतरल्या आणि ठाणे घेतले. १७३९ साली वेसावे आले आणि त्याच वर्षी, मे महिन्यात, वसईवर भगवे निशाण चढले. दोन्ही तोंडे आता आपली होती. मुलुंड-घाटकोपरच्या किनाऱ्यावरून मराठी गलबत परवान्यावाचून मुंबईच्या बंदरापर्यंत उतरू शकत होते.

पण दैवदुर्विलास असा, की पाणी मोकळे झाले आणि आपण आरमारालाच विसरलो. तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांच्यात वितुष्ट आले. ते मिटविण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजी आरमाराची मदत घेतली. १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाच्या बंदरात इंग्रजी तोफांनी एका जहाजाला आग लागली. जहाजे एकमेकांना बांधलेली होती. पाहता पाहता आंग्र्यांचा सारा ताफा जळून खाक झाला. तो ताफा आंग्र्यांचा म्हणून जळाला, पण तो होता मराठी राज्याचा. १६५९ साली मिळालेला धडा, की पाण्यावर दुसऱ्याच्या हातावर विसंबू नये, तो शंभर वर्षांत पुसला गेला होता. त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा कोट घेतला. साष्टी गेली ती गेलीच. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. खाडीची तोंडे पुन्हा परक्याची झाली, आणि या वेळी अडविणारे आरमारच उरले नव्हते.

स्वतंत्र भारताने ही आठवण जागी ठेवली आहे. मुंबईच्या कोटातील नौदलाच्या तळाला १९५१ साली 'आंग्रे' हे नाव दिले. लोणावळ्याची नौदलाची तंत्रशाळा 'शिवाजी' या नावाने चालते. २०१९ साली मुंबईत नौदलात दाखल झालेल्या पाणबुडीचे नाव 'खांदेरी'. २०२२ साली नौदलाच्या निशाणावरचा इंग्रजी क्रूस गेला आणि त्या जागी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती आली. २०२५ साली खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले. नावे आणि निशाणे मिळाली, ठीक झाले. पण नावापेक्षा मोठी गोष्ट तो जुना धडा आहे: आपली माणसे, आपले कसब, आपले बंदर आणि वेळेवर पोहोचलेली रसद. ज्या राज्याने हे चार धागे सांभाळले त्याला एका बेटावरून कोणी हलवू शकले नाही. ज्याने ते सोडले त्याचे आरमार त्याच्याच बंदरात जळाले.

म्हणून मुलुंडहून ऐरोलीकडे जाताना पुलाखाली ते गढूळ पाणी दिसेल तेव्हा त्याला नुसता चिखल समजू नये. वरच्या अंगाला, कल्याणच्या काठी, एका तरुण राजाची अर्धी राहिलेली गलबते एकेकाळी या पाण्याच्या भरतीची वाट पाहत उभी होती.